जैविक फॉस्फरस निर्मूलनासाठी ऑनलाइन फॉस्फेट अ‍ॅनालायझर : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

ज्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात फॉस्फरस काढण्याचे काम मुख्यतः रसायनांवर नव्हे तर जिवाणूंवर सोपवलेले असते, तेथे ऑनलाइन फॉस्फेट अ‍ॅनालायझर घ्यावा का, घेतला तर त्याचा नमुना कोठून उचलावा आणि पडद्यावरच्या आकड्यावर किती विसंबावे, हे प्रश्न माहितीपत्रके वाचून सुटत नाहीत. तेथे अचूकता, मापनाची कक्षा आणि पेटीचा जलरोधक दर्जा दिलेला असतो; पण टाकीतल्या जिवंत गाळाशी त्या आकड्याचे नाते काय, याबद्दल काहीच नसते. मी ज्या उपकरणाबद्दल लिहीत आहे ते दोन वाहिन्यांचे (दोन ठिकाणचे नमुने मोजणारे), रंगमापन पद्धतीवर चालणारे आणि टाकीत बुडवलेल्या फिल्टरमधून नमुना घेणारे आहे. अनेक निर्माते जवळजवळ हीच रचना देतात, म्हणून नावाची चर्चा न करता रचनेचे गुणदोष सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. माझे मत आधीच नोंदवतो: उपकरण घेण्याजोगे आहे, मात्र ते केवळ केंद्राच्या निर्गमावर बसवले, आणि पुरवठादार बहुधा तसेच सुचवतात, तर त्याच्या क्षमतेचा मोठा भाग वाया जातो. त्याची खरी जागा प्राणवायूविरहित, म्हणजेच अ‍ॅनारोबिक टाकीच्या शेवटी आहे.

हे समजण्यासाठी प्रक्रियेचा गाभा थोडक्यात डोळ्यांपुढे ठेवावा लागेल. परतीचा गाळ (प्रक्रियेच्या शेवटी खाली बसलेला आणि पुन्हा सुरुवातीला आणलेला जिवाणूयुक्त गाळ) आणि येणारे सांडपाणी प्रथम अशा अ‍ॅनारोबिक टाकीत एकत्र येतात जिथे प्राणवायूही नसतो आणि नायट्रेटही नसते. तेथे फॉस्फरस साठवणारे जिवाणू पाण्यातील अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक यांसारखी बाष्पशील आम्ले शोषून घेतात आणि पेशीत पीएचए या ऊर्जासाठ्याच्या स्वरूपात साठवतात. या शोषणासाठी लागणारी ऊर्जा ते आपल्याजवळचे पॉलिफॉस्फेट, म्हणजे पेशीतील फॉस्फेटच्या साखळ्या, मोडून मिळवतात, त्यामुळे विरघळलेले फॉस्फेट (ऑर्थोफॉस्फेट) पाण्यात बाहेर पडते. पुढे वायुवीजन टाकीत तोच साठा जाळून ते सोडलेल्यापेक्षा अधिक फॉस्फरस परत आत घेतात, आणि जादा गाळ बाहेर काढला की त्यासोबत फॉस्फरसही केंद्राबाहेर जातो. साध्या सक्रिय गाळात कोरड्या वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के फॉस्फरस असतो. या प्रक्रियेत तो ४ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. सक्रिय गाळ अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक फॉस्फरस उचलतो, हे निरीक्षण १९५९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले होते, आणि १९७० च्या दशकात जेम्स बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत प्राणवायूविरहित टप्प्याचे महत्त्व दाखवून दिल्यावर त्यावर केंद्रे उभारता येऊ लागली. आधी सोडणे आणि मग उचलणे हा क्रम आज उपकरणाच्या पडद्यावर प्रत्यक्ष पाहता येतो, ही मला अजूनही आनंदाची गोष्ट वाटते.

आता उपकरणाकडे. टाकीत बुडवलेल्या सपाट मेम्ब्रेनमधून छोटा पंप गाळविरहित पाणी ओढतो आणि पातळ नळीतून पेटीपर्यंत आणतो. पेटीत त्या पाण्यात आम्लयुक्त मोलिब्डेट आणि व्हॅनेडेट मिसळले जाते, फॉस्फेटच्या प्रमाणात पिवळा रंग येतो आणि त्यातून जाणारा प्रकाश मोजून आकडा काढला जातो. एका मापनाला काही मिनिटे लागतात आणि दोन वाहिन्या आलटून पालटून मोजल्या जातात. पिवळ्या रंगाच्या पद्धतीची कक्षा रुंद आहे, म्हणून ती अ‍ॅनारोबिक टाकीतील २० किंवा ३० मिग्रॅ प्रतिलिटर सहज पेलते. निर्गमावर जेथे मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आहे, तेथे मात्र अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने निळा रंग आणणारी पद्धत अधिक संवेदनशील आहे. दोन्ही ठिकाणी एकच उपकरण वापरायचे असेल तर ही तडजोड आधीच समजून घ्यावी लागते. मी पिवळी पद्धत निवडली आणि त्याबद्दल मला खंत नाही, कारण प्रक्रिया चालवताना ०.१५ आणि ०.२० यांतील फरकापेक्षा १२ आणि २४ यांतील फरक कितीतरी अधिक सांगून जातो.

उभारणीच्या वेळी सर्वांत आधी तपासण्याची गोष्ट म्हणजे एकक. उपकरण आकडा फॉस्फेट म्हणून दाखवते की फॉस्फेटमधील फॉस्फरस म्हणून, हे कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर ठरते आणि दोहोंत ३.०७ पटींचा फरक असतो. प्रतिलिटर १० मिग्रॅ फॉस्फेटचे प्रमाणद्रावण फॉस्फरसच्या भाषेत ३.२६ मिग्रॅ असते. लॅबचे अहवाल एका एककात आणि स्काडाचा (केंद्राच्या संगणकीय देखरेख-नियंत्रण प्रणालीचा) आलेख दुसऱ्या एककात, अशी स्थिती राहिली तर पाळी बदलताना ऑपरेटर एकमेकांना चुकीचे निरोप देत राहतात. माझ्या उपकरणात हे सेटिंग मेनूच्या बऱ्याच आत लपलेले होते आणि मुख्य पडद्यावर एककाचा उल्लेख फार बारीक अक्षरांत येतो. एवढ्या महत्त्वाच्या बाबीत अशी रचना अयोग्य आहे.

फिल्टर टाकीतच असणे हा या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण आहे. काही स्वस्त मांडण्यांत गाळमिश्रित पाणीच पंपाने पेटीपर्यंत आणतात आणि तेथे गाळतात. जैविक फॉस्फरस निर्मूलनात ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण नळीतून प्रवास करणारा गाळ जिवंत असतो आणि वाटेत आपले काम थांबवत नाही. गाळाचा प्राणवायू घेण्याचा वेग तासाला लिटरमागे ४० मिग्रॅ धरला, तर नमुन्यातला २ मिग्रॅ प्राणवायू अवघ्या तीन मिनिटांत संपतो. त्यानंतर फॉस्फरस उचलणे मंदावते, आणि नमुना रेंगाळला की सोडणे सुरू होते. याच कारणामुळे लॅबसाठी घेतलेला नमुनाही टाकीच्या काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तात्काळ गाळला पाहिजे. अर्धी भरलेली बाटली हलवत लॅबपर्यंत नेली तर अ‍ॅनारोबिक नमुन्याला हवा मिळते आणि फॉस्फरस परत पेशींत जाऊ लागतो. ऑनलाइन आकडा आणि लॅबचा आकडा जुळत नाही अशी तक्रार आली की मी प्रथम लॅबचा नमुना कसा घेतला ते विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तेथेच मिळते. नमुना नीट घेतला असेल तर वरच्या कक्षेत ५ ते १० टक्क्यांचा फरक पडतो, आणि प्रक्रिया चालवण्याच्या दृष्टीने तो नगण्य आहे.

याच फिल्टरमध्ये माझी सर्वांत मोठी तक्रारही आहे. मेम्ब्रेनवर गाळ चिकटू नये म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडण्याची सोय कारखान्यातून सुरू असते. वायुवीजन टाकीत ती उत्तम चालते. अ‍ॅनारोबिक टाकीत मात्र त्याच बुडबुड्यांमुळे मेम्ब्रेनभोवतीच्या पाण्याला प्राणवायू मिळतो, आणि आपण जो आकडा मोजायला आलो तोच बिघडतो. तेथे हवा बंद ठेवून मेम्ब्रेन हाताने धुवावे लागते. पुरवठादाराच्या सेवा विभागाला हे सांगितल्यावर त्यांनी हवा बंद केल्यास फिल्टरच्या आयुष्याची हमी राहणार नाही असे कळवले. ज्या उपकरणाच्या पत्रकात अ‍ॅनारोबिक टाकीत वापरण्याजोगे असे स्पष्ट म्हटले आहे, त्याबाबत ही भूमिका मला मान्य नाही. स्क्रीननंतरही उरणारे केस, धागे आणि चरबी या टाकीत अधिक असल्याने धुण्याची वारंवारता वायुवीजन टाकीपेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते, आणि मनुष्यबळाचा हिशेब करताना हे धरलेच पाहिजे. नळी पारदर्शक असेल तर उन्हात आतून शेवाळ धरते. अपारदर्शक आवरण आणि ठरावीक काळाने सौम्य हायपोक्लोराइटने धुणे, एवढ्याने तो प्रश्न सुटतो.

आता जागेचा मुद्दा. निर्गमावरचा आकडा हा निकाल असतो. तो वाढेपर्यंत बिघाडाचे कारण टाकीत येऊन बराच काळ लोटलेला असतो. अ‍ॅनारोबिक टाकीच्या शेवटचा आकडा जिवाणूंनी आज किती आम्ल खाल्ले ते सांगतो, आणि उद्या ते किती फॉस्फरस उचलू शकतील याचा अंदाज त्यातून येतो. मात्र तो आकडा कच्चा वाचायचा नसतो. समजा, येणाऱ्या पाण्यात विद्राव्य फॉस्फरस ६ मिग्रॅ प्रतिलिटर आहे, परतीच्या गाळासोबत येणाऱ्या पाण्यात ०.३ आहे आणि दोन्ही प्रवाह सारखे आहेत, तर मिश्रणात सुरुवातीला ३.१५ असणार. टाकीच्या शेवटी २० दिसत असेल तर जिवाणूंनी सुमारे १७ सोडले. परतीच्या गाळाचा प्रवाह बदलला की ही वजाबाकी बदलते. म्हणून मी स्काडामध्ये मूळ आकड्याशेजारी हा सोडलेला फॉस्फरस वेगळा दाखवून घेतला, आणि उपकरण घेतल्यानंतर केलेला हा सर्वांत उपयुक्त बदल होता असे मी खात्रीने म्हणतो. उपकरणासोबत मिळणाऱ्या प्रणालीत अशी गणना नाही. ती असायला हवी.

दुसरी वाहिनी वायुवीजन टाकीच्या शेवटी ठेवल्यावर दोन आकड्यांतून निदान करता येते. सोडणे घटले आहे पण शेवटचा आकडा अजून चांगला आहे, अशा वेळी सर्वप्रथम परतीच्या गाळातील नायट्रेट पाहावे. नायट्रेट अ‍ॅनारोबिक टाकीत आले की विनायट्रीकरण करणारे, म्हणजे नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे, जिवाणू तेच आम्ल आधी खाऊन टाकतात. १ मिग्रॅ नायट्रेट-नायट्रोजनमागे साधारण ६ ते ९ मिग्रॅ सीओडी (ऑक्सिडीकरणासाठी लागणाऱ्या प्राणवायूत मोजलेले सेंद्रिय द्रव्य) खर्च होतो, आणि १ मिग्रॅ फॉस्फरस काढायला ढोबळमानाने १० मिग्रॅ सहज खाण्याजोगा सीओडी लागतो. परतीचा प्रवाह येणाऱ्या प्रवाहाइतका असेल आणि त्यात ५ मिग्रॅ नायट्रेट-नायट्रोजन असेल, तर येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे ३० ते ४५ मिग्रॅ सीओडी वाया जातो, म्हणजेच तीन ते साडेचार मिग्रॅ फॉस्फरस काढण्याची क्षमता गमावली जाते. अशा वेळी परतीचा प्रवाह गरजेपुरता कमी करणे, अ‍ॅनॉक्सिक टप्पा (प्राणवायू नसलेला पण नायट्रेट असलेला) सुधारणे आणि वायुवीजन टाकीतून जेथून आतील पुनरावर्तन उचलले जाते तेथे प्राणवायू उगाच जास्त न ठेवणे हे उपाय आहेत. ब्लोअर वाढवला तर परिस्थिती अधिक बिघडते. पावसाचे पाणी मिसळल्यावर सोडणे घटते त्याचे कारण वेगळे असते: पाणी पातळ होते, प्राणवायू घेऊन येते आणि आम्ले कमी असतात. तेथे बहुधा थोडा धीर धरणे हेच शहाणपणाचे असते.

सोडणे उत्तम आहे पण शेवटचा आकडा वर चालला आहे, तर दोष वायुवीजनाच्या बाजूला शोधावा. टाकीच्या सुरुवातीच्या भागात प्राणवायू अपुरा पडत असेल, किंवा भार कमी असलेल्या दिवसांत अति हवा देऊन पेशींतील साठा जाळून टाकलेला असेल. सलग सुट्टीनंतर भार परतल्यावर एक-दोन दिवस फॉस्फरस वर जाण्याचा जो अनुभव अनेक केंद्रांना येतो, त्यामागे हे दुसरे कारण असते, आणि आलेख हाताशी असल्यामुळे कमी भाराच्या दिवसांत ब्लोअर खाली आणण्याचा निर्णय मी पुराव्यानिशी मांडू शकलो.

वायुवीजन टाकीच्या शेवटी ०.२ आणि केंद्राबाहेर जाणाऱ्या पाण्याच्या लॅब अहवालात ०.७, असा फरक दिसल्यास उपकरणाला दोष देण्याआधी दोन शक्यता पडताळाव्यात. क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवण्याच्या टाकीत, गाळाचा थर जाड झाला असेल तर तेथे प्राणवायू आणि नायट्रेट संपून फॉस्फरस पुन्हा सुटतो. दुसरी शक्यता अशी की उपकरण फक्त विरघळलेला फॉस्फरस मोजते, तर अहवालात एकूण फॉस्फरस असतो. बाहेर जाणाऱ्या पाण्यात १० मिग्रॅ निलंबित घन असतील आणि गाळात ५ टक्के फॉस्फरस असेल, तर केवळ त्या कणांतून ०.५ मिग्रॅ येतो. जैविक निर्मूलन जितके चांगले चालते तितका प्रत्येक कण अधिक फॉस्फरस वाहून नेतो. म्हणून एकूण फॉस्फरसची मर्यादा कडक असलेल्या केंद्राने हे उपकरण घेतले तरी गढूळपणा मोजण्याची सोय त्यासोबत ठेवणे अपरिहार्य आहे.

दोन प्रसंगांत हे उपकरण दिशाभूल करू शकते. गाळ निर्जलीकरणातून परत येणाऱ्या पाण्यात फॉस्फरस लिटरमागे १०० मिग्रॅच्या वरही असू शकतो, विशेषतः गाळ हवेविना साठवला किंवा पचवला असेल तर. हे पाणी केंद्राच्या सुरुवातीला येऊन मिळाले की अ‍ॅनारोबिक टाकीतील आकडा झपाट्याने चढतो आणि जिवाणू उत्तम काम करत आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात भार वाढलेला असतो, आणि पुरेसे आम्ल नसेल तर थोड्याच तासांत शेवटचा आकडाही चढतो. सेंट्रिफ्यूज चालू असण्याची खूण आलेखावर उमटवून घेतल्यास हा गोंधळ टळतो. दुसरा प्रसंग ग्लायकोजेन साठवणाऱ्या स्पर्धक जिवाणूंचा. ते आम्ल खातात पण फॉस्फरस सोडत नाहीत आणि नंतर उचलतही नाहीत. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर आणि पीएच सातच्या खाली असताना त्यांचे फावते. तेव्हा आकडा घटतो, नायट्रेट मात्र सापडत नाही. अशा वेळी गाळाचा नमुना हवेविना ठेवून त्यात अ‍ॅसिटेट घालण्याची चाचणी करावी. सक्षम गाळ उदासीन पीएचला १ मिग्रॅ अ‍ॅसिटिक आम्लामागे सुमारे ०.५ मिग्रॅ फॉस्फरस सोडतो. प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी आले तर स्पर्धक वरचढ झाल्याचा संशय धरावा. नायसर रंगद्रव्याने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर पॉलिफॉस्फेटचे गडद पुंजके किती उरले तेही दिसते. उपकरण येथे धोक्याची घंटा वाजवते, निदान मात्र माणसालाच करावे लागते.

पेटीतील नियंत्रणाचा भाग मला सर्वांत कमी आवडला. आकडा ठरवलेल्या पातळीवर गेला की फेरिक क्लोराइडचा डोसिंग पंप चालू करण्याची सोय त्यात आहे, पण ती प्रत्येक क्षणिक चढावाला प्रतिसाद देते. जिवाणूंना जो फॉस्फरस उचलता आला असता तो लोहाने आधीच बांधून टाकला, तर पॉलिफॉस्फेट साठवणाऱ्या जिवाणूंचा फायदा हळूहळू संपतो आणि केंद्र नकळत रासायनिक होऊन बसते. शिवाय गाळ वाढतो आणि क्षारता घटते. मी ती सोय बंद ठेवून डोसिंग वायुवीजन टाकीच्या शेवटी, काही तासांच्या सरासरीवर आणि कमाल मर्यादा घालून चालवतो. सरासरी काढण्याचा पर्याय पेटीतच दिला असता तर हे सगळे स्काडामध्ये बांधावे लागले नसते.

अभिकर्मकांबाबत, म्हणजे मापनासाठी लागणाऱ्या रसायनांबाबत, थोडेच सांगण्यासारखे आहे. द्रावण तीव्र आम्लयुक्त असते आणि त्यात व्हॅनेडियम व मोलिब्डेनम असतात. बदलताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि मापनानंतरचे टाकाऊ द्रव वेगळ्या डब्यात जमा करून नियमांनुसार विल्हेवाटीस द्यावे. ते जवळच्या नालीत सोडण्यासाठी नळीचे तोंड मोकळे ठेवलेले काही ठिकाणी मी पाहिले आहे आणि ते अयोग्य आहे. कॅलिब्रेशन स्थिर राहते, शून्य आपोआप तपासले जाते, आणि मोजणारा भाग एकंदरीत विश्वासार्ह आहे. बिघाड जवळजवळ नेहमी फिल्टर, पंप किंवा नळीचाच असतो.

लहान केंद्रांनी, जेथे दिवसात एकच पाळी असते आणि मेम्ब्रेन धुवायला ठरलेला माणूस नसतो, हे उपकरण घेऊ नये असे मी सांगेन. तेथे हातातले रंगमापक, टाकीच्या काठावर नमुना गाळण्यासाठी सिरिंज फिल्टर आणि अ‍ॅनारोबिक टाकीत ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपण विभव) प्रोब एवढ्यावर काम चांगले चालते. ओआरपी फॉस्फरस सोडल्याचे सांगत नाही, पण प्राणवायू किंवा नायट्रेट आत शिरले की आकडा वर सरकतो, आणि तेवढी सूचना पुष्कळदा पुरते. मोठ्या केंद्रांनी मागणी नोंदवताना परतीच्या गाळासाठी नायट्रेट प्रोब त्याच वेळी मागवावा, अ‍ॅनारोबिक टाकीत हवेविना फिल्टर चालवण्याची हमी लेखी घ्यावी, पेटी टाकीपासून शक्य तितकी जवळ बसवून नमुन्याच्या नळीतला विलंब उभारणीच्याच दिवशी मोजून नोंदवावा, आणि जादा मेम्ब्रेन पहिल्या खेपेसच मागवून ठेवावे, कारण जुने धुऊन वाळेपर्यंत दुसरे हाताशी नसेल तर आलेखात नेमकी तीच वेळ रिकामी राहते.